पंप कोणता द्यायचा, हे सिस्टरलाही विचारा

२००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक जाहीर सूचना काढली. श्वासावाटे ओढायच्या औषधाच्या कॅप्सूल लोक गिळताहेत, तशा बऱ्याच तक्रारी आल्या आहेत, तेव्हा त्या कशा वापरायच्या हे रुग्णांना नीट समजावून सांगा, असा तिचा आशय होता. स्पायरिव्हा आणि फोराडिल अशी त्या औषधांची नावं. कॅप्सूल छोट्या यंत्रात घालायची, टोचायची आणि आतली पूड फुफ्फुसात ओढून घ्यायची, अशी ती पद्धत. पण कॅप्सूल दिसली की ती जिभेवर ठेवून वर घोटभर पाणी प्यायचं, हे माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. गिळणाऱ्यांना त्यातून मोठासा अपाय झाला नाही. फक्त औषध पोटात गेलं आणि धाप होती तिथेच राहिली.

या प्रकारात चिठ्ठीत काहीच चुकलेलं नव्हतं. निदान, औषध, मात्रा सगळं बरोबर. घोळ झाला तो रुग्णाच्या हातात औषध आल्यानंतर. छातीच्या विकारांच्या वॉर्डात काम केलेल्या आपल्याकडच्या सिस्टरनाही हे नवं नाही. रोटाहेलर या पुडीच्या यंत्राची कॅप्सूल गिळणारे, झाकण न काढताच पंप दाबणारे, फवारा तोंडात मारून श्वास मात्र नाकाने घेणारे, पंप कधीच संपला तरी तो सकाळ-संध्याकाळ इमानेइतबारे दाबत राहणारे असे रुग्ण त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. तरीही कोणत्या रुग्णाला कोणतं यंत्र द्यायचं हे ठरतं तेव्हा सिस्टरचं मत घेण्याची रीत आपल्याकडे नाही. ती पाडायला हवी. त्याआधी सिस्टरना त्यासाठी तयारही करायला हवं, कारण या बाबतीत त्यांची बाजूही तितकीशी भक्कम नाही. त्याबद्दल पुढे.

दुखणं किती मोठं आहे, ते आधी पाहू. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९९० मध्ये भारतात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराचे, सुमारे २ कोटी ८० लाख रुग्ण होते. २०१६ पर्यंत हा आकडा साडेपाच कोटींवर गेला. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के. पण दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे अकाली मृत्यू आणि अपंगत्वापायी जगभर जी निरोगी वर्षं वाया जातात, त्यात आपला वाटा ३२ टक्के. हा विडी-सिगारेटवाल्यांचा आजार, असा समज फार काळ होता. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम केलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधलं. चुलीचा धूर, धुळीतलं काम, बरा होऊन मागे व्रण ठेवून गेलेला क्षयरोग ही त्याची कारणं. म्हणजे आपल्याकडचा सीओपीडीचा रुग्ण जसा विडी ओढणारा म्हातारा असतो, तशी आयुष्यभर फुंकणीने चूल फुंकलेली आजीही असते आणि दगडखाणीवर राबलेला मजूरही.

या सगळ्यांना आयुष्यभर लागणारं मुख्य औषध श्वासावाटेच घ्यायचं असतं. आणि इथेच गोळीपेक्षा वेगळा मामला सुरू होतो. गोळी कशीही गिळली तरी पोटात पोचते. इनहेलरचं औषध रुग्णाच्या कसबावर चालतं, आणि यंत्र बदललं की कसबही बदलतं.

आपण ज्याला ‘पंप’ म्हणतो, त्यात औषध दाबाखालच्या वायूबरोबर भरलेलं असतं. बोटाने दाबलं की फवारा वेगाने उडतो. तो घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून वाया जाऊ नये म्हणून श्वास सावकाश, चार-पाच सेकंद घ्यायचा, आणि दाबणं व श्वास घेणं एकाच क्षणी सुरू करायचं. पुडीच्या यंत्राचं याच्या अगदी उलट. त्यात वायू नसतो. पूड उडवून सुटी करायचं काम रुग्णाच्या श्वासानेच करायचं. म्हणून तिथे श्वास सुरुवातीपासून जोरात आणि खोल हवा. शिवाय श्वास आधी बाहेर सोडायचा तो यंत्रात नव्हे, नाहीतर वाफेने पूड ओली होऊन गोळा होते. तिसरा प्रकार मऊ धुकं सोडणारा, पुन्हा सावकाश श्वासाचा. आणि चौथं ते घरोघरी ‘वाफेचं मशीन’ म्हणून ओळखलं जाणारं नेब्युलायझर. त्यात नुसता श्वास घेत बसायचं; पण वीज लागते, दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि मास्क-नळी धुण्याची शिस्त लागते.

आता एकाच रुग्णाला सकाळी पुडीचं यंत्र आणि धाप लागली की पंप, अशी दोन्ही दिली जातात तेव्हा काय होतं, ते पाहावं. एकात ‘जोरात ओढा’, दुसऱ्यात ‘हळू ओढा’. सत्तरीच्या माणसाने, तेही धाप लागलेली असताना, हा फरक लक्षात ठेवायचा.

इटलीत १,६६४ रुग्णांचं प्रत्यक्ष निरीक्षण करून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध वाया जावं इतकी गंभीर चूक पंप वापरणाऱ्यांपैकी १२ टक्के जणांकडून झाली. पुडीच्या यंत्रांत हेच प्रमाण ३५ ते ४४ टक्क्यांपर्यंत गेलं. पंप अवघड आणि पुडी सोपी, हा सरधोपट समज तिथे उलटा ठरला. चुकणाऱ्यांची वैशिष्ट्यंही त्यात दिसली: वय जास्त, शिक्षण कमी, आणि यंत्र कसं वापरायचं हे कुणी दाखवलेलं नाही. पहिल्या दोन गोष्टी रुग्णालयाला बदलता येत नाहीत. तिसरी येते.

दाखवणारी व्यक्ती बहुतेक वेळा सिस्टर असते. सरकारी रुग्णालयातला डिस्चार्जचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. केसपेपरवर रोटाकॅप, म्हणजे रोटाहेलरची कॅप्सूल, लिहिलेलं आहे, स्टोअरमध्ये रोटाकॅप आहे, आणि खाटेवर पासष्टीच्या आजी आवराआवर करून बसल्या आहेत. सिस्टर यंत्र हातात देऊन सांगते, “आजी, कॅप्सूलची ही पारदर्शक बाजू या चौकोनी भोकात दाबून बसवा. आता खालचा भाग फिरवा.” आजींची बोटं सांधेवाताने वाकलेली. भाग फिरतो, पण अर्धाच. कॅप्सूल फुटत नाही. सिस्टर स्वतः फिरवून देते. आजी यंत्र तोंडाला लावतात आणि आधी त्यातच फुंकतात, कारण फुंकायची सवय जन्माची. पूड बाहेर उडते. दुसरी कॅप्सूल. या वेळी फुंकत नाहीत, पण ओढ इतकी क्षीण की आतला खुळखुळ आवाजही येत नाही. पारदर्शक यंत्रात पांढरी पूड तशीच दिसते. सिस्टर विचारते, “घरी हे करून कोण देईल?” सून सकाळी सातला कामावर जाते, नातू शाळेत. सिस्टरच्या मनात उत्तर तयार असतं: यांना पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपापुढे जोडायचा पोकळ डबा, द्यायला हवा, दोन्ही हातांनी दाबायला शिकवायला हवं. पण राउंड होऊन गेलेला आहे, डॉक्टर ओपीडीत शंभर माणसांच्या रांगेसमोर बसले आहेत, आणि कागदावर लिहिलं ते बदलण्याचा अधिकार सिस्टरला नाही. आजी रोटाकॅप घेऊन घरी जातात.

डॉक्टरांचं इथे चुकलं असं म्हणता येत नाही. त्यांनी छाती तपासली, फुंकणीची चाचणी पाहिली, योग्य औषध निवडलं. आजींची बोटं पाहायला त्यांना तेवढा वेळच मिळाला नाही. बोटं, डोळे, कान, श्वासाची ओढ, घरात कोण आहे, पैसे एकदम देता येतात की सुटे, या गोष्टी खाटेशी उभ्या असलेल्या माणसालाच कळतात. शेवटची गोष्ट तर आपल्याकडे फार महत्त्वाची. पंपाला एकरकमी पैसे मोजावे लागतात. कॅप्सूलचं यंत्र एकदा घेतलं की कॅप्सूल परवडतील तशा आणता येतात. रोजंदारीवरच्या माणसासाठी निवड इथेच होऊन जाते.

अशा किती तरी आजी-आजोबांना शिकवून सिस्टरची स्वतःची पसंती तयार होते, आणि तिची कारणं फार व्यवहारी असतात. औषध आत गेलं की नाही हे डोळ्यांना दिसतं का? किती मात्रा उरल्या हे सांगणारा आकडा यंत्रावर आहे का? उघडण्यापासून ओढण्यापर्यंत पायऱ्या किती? रुग्णाला आधीपासून चालू असलेल्या यंत्राशी हे जुळतं का, की पुन्हा नवं शिकवायचं? चुकून दोनदा फिरवलं तर काय होतं? ज्याला वाचता येत नाही त्याला हे नुसतं दाखवून जमेल का? स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची आठवण देणारं घरी कुणी आहे का? औषध कंपनीच्या चकचकीत पत्रकात या प्रश्नांची उत्तरं क्वचितच असतात.

वापरणाऱ्याची कुरकुर ऐकली तेव्हाच इनहेलर सुधारला, असं त्याचा इतिहासही सांगतो. १९५६ मध्ये अमेरिकेच्या रायकर लॅबोरेटरीजने पहिला मोजून फवारा देणारा पंप आणला. त्यामागे कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीचा प्रश्न होता. काचेचा रबरी फुग्याचा नेब्युलायझर सांभाळून कंटाळलेल्या त्या १३ वर्षांच्या मुलीने विचारलं होतं की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का मिळत नाही. पुडीच्या पहिल्या नावाजलेल्या यंत्राचे, स्पिनहेलरचे, जनक डॉ. रॉजर अल्टुनियन स्वतः दमेकरी होते. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकी अनुभवातून त्यांनी यंत्रात चिमुकला पंखा बसवला. आपल्याकडे मुंबईच्या सिप्लाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस पंप बनवायला सुरुवात केली, आणि कॅप्सूलच्या यंत्राचा देह पुढे पारदर्शक झाला, तो पूड संपली की नाही हे दिसावं म्हणून. एका मुलीच्या प्रश्नाने एवढं घडतं, तर शेकडो रुग्णांची कुरकुर कानांवर पडणाऱ्या सिस्टरकडे किती माहिती साठलेली असेल?

ब्रिटनने ही माहिती वापरायची ठरवली. १९८० च्या दशकात ग्रेटा बार्न्स या नर्सने स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनमध्ये दम्याच्या रुग्णांसाठी नर्सनी चालवायच्या दवाखान्याची कल्पना रुजवली आणि त्यासाठी नर्सना तयार करणारं प्रशिक्षण केंद्रही उभं केलं. २००४ मध्ये तिथल्या फॅमिली डॉक्टरांना कामाच्या दर्जानुसार पैसे देण्याची योजना आली. त्यातल्या निकषांत, सीओपीडीच्या रुग्णाचं इनहेलर ओढण्याचं तंत्र तपासल्याची नोंद हाही एक होता. ही तपासणी दवाखान्यातल्या नर्सच्याच वाट्याला आली. २००६ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना जवळपास सगळी औषधं स्वतंत्रपणे लिहून देण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे तिथली श्वसनविकाराची नर्स यंत्र दाखवते, रुग्णाला ते जमत नसेल तर बदलते आणि पुढच्या भेटीत पुन्हा तपासते.

हा अधिकार नुसता शोभेचा नाही, याचाही पुरावा ब्रिटनमध्येच मिळतो. खर्च वाचवण्यासाठी काही दवाखान्यांनी रुग्णांना प्रत्यक्ष न भेटता, नुसत्या कागदावर त्यांचं यंत्र बदलून दुसरं दिलं. २००९ मध्ये अशा दम्याच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध तेच असूनही, जुनंच यंत्र चालू ठेवलेल्यांच्या तुलनेत या रुग्णांचा दमा कमी आटोक्यात राहिला. कागदावर वाचलेले पैसे पुढे जादा औषधांत आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत जाणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आता तिथे नवा वाद आहे, तो हवामानाचा. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ च्या माँट्रियल करारानंतर पंपांतला जुना वायू टप्प्याटप्प्याने गेला. त्याच्या जागी आलेला वायू ओझोनला सुरक्षित, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डाय-ऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रबळ. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या एकूण कार्बन उत्सर्जनात इनहेलरचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. ब्रिटनमध्ये दहापैकी सात इनहेलर पंप असताना स्वीडनमध्ये हे प्रमाण जेमतेम १३ टक्के. साहजिकच ‘पंप सोडा, पुडी घ्या’ असा रेटा आला. तो बहुतेकांच्या बाबतीत योग्यही आहे. पण ऐंशीच्या घरातल्या, छाती भाता झालेल्या माणसाला पूड ओढण्याइतका जोर आहे का, हे कुणीतरी मोजावं लागतं. स्वीडनची टक्केवारी त्याच्या कामाची नाही.

आता सिस्टरच्या बाजूतली कच्ची जागा.

इनहेलर नीट वापरता येतो का, हे खुद्द आरोग्य कर्मचाऱ्यांच्याच बाबतीत तपासणाऱ्या ५५ अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा हजारांवर डॉक्टर, नर्स, औषधविक्रेते त्यात होते. संपूर्ण बरोबर पद्धत दाखवता आली ती फक्त साडेपंधरा टक्के जणांना. त्याहून वाईट म्हणजे जुन्या काळात हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं, ते अलीकडच्या अभ्यासांत ११ टक्क्यांपर्यंत घसरलं. यंत्रांचे प्रकार वाढत गेले आणि शिकवणारेच गोंधळले. रुग्णांचं चित्र त्याला साजेसंच आहे. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतल्या १४४ संशोधन लेखांचा, ५४ हजारांहून अधिक लोकांचा आढावा २०१६ मध्ये आला. बरोबर तंत्र असलेले रुग्ण ३१ टक्के, आणि चार दशकांत त्यात सुधारणा जवळपास शून्य.

तेव्हा सिस्टर म्हणेल तीच पूर्व दिशा, असंही मानून चालणार नाही. तिची पसंतीही कशातून तरी घडते. ज्या कंपनीच्या प्रतिनिधीने वॉर्डात येऊन नमुन्याचं रिकामं यंत्र ठेवलं आणि दाखवून दिलं, ते यंत्र ओळखीचं होतं. ओळखीचं ते सोपं वाटतं. जे यंत्र स्टोअरमध्ये कधी आलंच नाही, त्याबद्दल मत असणार कुठून? आणि सगळ्यात मोठा प्रभाव कामाच्या ओझ्याचा. एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असतील तर धाप लागलेल्या रुग्णाला मास्क लावून, नेब्युलायझरमध्ये औषध ओतून, बटण दाबून पुढच्या खाटेकडे जाता येतं. पंप आणि स्पेसरने औषध द्यायचं तर रुग्णापाशी उभं राहावं लागतं. दम्याच्या झटक्यात स्पेसर लावलेला पंप नेब्युलायझरच्या तोडीचं काम करतो, हे संशोधनाने केव्हाच दाखवलं आहे. कोविडच्या काळात नेब्युलायझरमुळे विषाणू हवेत पसरण्याच्या भीतीने अनेक रुग्णालयांनी पंप-स्पेसर वापरलाही. साथ ओसरली आणि मशीन पुन्हा सुरू झालं. रुग्णही घरी जाताना ‘वाफ घेतली की बरं वाटतं’ हेच शिकून जातो, आणि रोज घ्यायचा पंप कपाटात पडून राहतो.

म्हणून ‘सिस्टरला विचारा’ याचा अर्थ तिची आवड विचारा, एवढाच घेऊन भागणार नाही. तिला आधी सगळ्या प्रकारची यंत्रं हाताळायला द्यावी लागतील, तिची स्वतःची परीक्षा घ्यावी लागेल, आणि मग तिच्या निरीक्षणाला कागदावर जागा द्यावी लागेल.

हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे का? त्यासाठी ब्रिटनची वाट जशीच्या तशी चालायची गरज नाही. औषध लिहिण्याचा अधिकार हा कायद्याचा आणि मोठ्या वादाचा विषय आहे. तो सुटेपर्यंत आजींना थांबता येणार नाही. औषध डॉक्टरांनी ठरवावं, यंत्राची शिफारस सिस्टरने करावी आणि सही डॉक्टरांचीच असावी, इतकी वाटणी आजच्या चौकटीत बसते. सीओपीडीवरची ‘गोल्ड’ ही जागतिक मार्गदर्शिकाही सांगते की यंत्राची निवड रुग्णागणिक करावी, त्याला ते वापरता येतं का आणि त्याची पसंती काय हे पाहावं, आणि उपचार अपुरा पडतोय असं ठरवण्याआधी तंत्र तपासावं. नाहीतर पूड फुफ्फुसात पोचतच नसताना तिची मात्रा वाढवली जाते.

यंत्रणाही अगदीच कोरी नाही. केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची व्याप्ती २०२३ मध्ये वाढली, तेव्हा सीओपीडी आणि दमा त्यात आले. आशा ताई घरोघरी जाऊन जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात धाप लागते का, खोकला किती दिवसांचा, आणि स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हे प्रश्न आहेत. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत सालब्युटामॉल, ब्युडेसोनाइड, टायोट्रोपियम ही श्वासावाटेची औषधं आहेत. रुग्ण हुडकण्याची साखळी आहे, औषधांची यादी आहे. मधली ‘ओढता येतं का’ ही कडी तेवढी कुणाच्या कामात स्पष्ट लिहिलेली नाही.

खरेदीचंही तेच. महाराष्ट्रात आधी हाफकिन महामंडळाकडे असलेली औषधखरेदी आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आहे. गोळ्यांच्या बाबतीत औषध, मात्रा आणि दर जुळले की निविदा नीट झाली म्हणता येतं. इनहेलरच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. एका वर्षी कॅप्सूल आणि पुढच्या वर्षी पंप आला, तर हजारो रुग्णांना नव्याने शिकवण्याचा बोजा त्या निविदेत मोजायला हवा, आणि तो मोजू शकेल अशी, वॉर्डात काम केलेली एक अधिपरिचारिका खरेदीच्या तांत्रिक समितीत असायला हवी. यंत्रांचे प्रकार जितके कमी ठेवता येतील तितकं बरं: पुडीचं एक, पंप एक, आणि पंपासोबत स्पेसर सक्तीने.

स्पेसर परवडत नाही, ही सबबही तपासून घ्यावी. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंड पेयाच्या रिकाम्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून स्पेसर बनवला आणि दम्याच्या झटक्यातल्या मुलांवर तो विकतच्या स्पेसरशी ताडून पाहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निष्कर्ष आला: पंपाभोवतीची फट नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली, थर्मोकोलचा पेला मात्र फारसा उपयोगी पडला नाही. म्हणजे जुगाड कोणता चालतो आणि कोणता नाही, हेही मोजून ठेवलेलं आहे. तापवलेल्या तारेने बाटलीला भोक पाडायला जिल्हा नियोजन समितीची मंजुरी लागत नाही.

प्रशिक्षणाचं म्हणाल, तर एकदा व्याख्यान घेऊन प्रमाणपत्र वाटणं निरुपयोगी. शिकागोत रुग्णालयात दाखल असलेल्या ५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाला पद्धत नुसती तोंडी सांगितली. दुसऱ्या गटाला करून दाखवलं, मग रुग्णाकडून करून घेतलं, चुकलं तर पुन्हा दाखवलं, आणि जमेपर्यंत हे चालू ठेवलं. पहिल्या गटात शेवटी जवळपास निम्मे रुग्ण पंप चुकीचा वापरत होते. दुसऱ्यात आठातला एक. हाच नियम सिस्टरच्या शिकण्यालाही लावावा. ब्रिटनमध्ये इनहेलरच्या तंत्राची सात पायऱ्यांची सोपी यादी वापरतात: यंत्र तयार करणं, मात्रा भरणं, श्वास यंत्राबाहेर सोडणं, ओठ घट्ट मिटणं, यंत्राप्रमाणे हळू किंवा जोरात ओढणं, श्वास रोखणं आणि लागलं तर पुन्हा करणं. ही यादी मराठीत छापून प्रत्येक वॉर्डाच्या औषधाच्या ट्रॉलीला लावता येईल. जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत इंजेक्शनसारखंच इनहेलरही हातात देऊन पाहता येईल. सरावासाठीची रिकामी यंत्रं रुग्णालयाने स्वतः विकत घ्यावीत, म्हणजे कोणती कंपनी वॉर्डात आली यावर सिस्टरची पसंती ठरणार नाही.

आणि डिस्चार्ज कार्डावर एक रकाना वाढवावा. त्यात तीन गोष्टी: रुग्णाने स्वतःच्या हाताने, स्वतःचं यंत्र किती पायऱ्या बरोबर करून वापरलं, जमलं नसेल तर अडलं कुठे, बोटांत, श्वासात की समजण्यात, आणि सिस्टरची शिफारस, हेच यंत्र की दुसरं. खाली सिस्टरची सही. हा रकाना रिकामा असेल तर डॉक्टरांनी डिस्चार्जवर सही करू नये. तोच कागद घेऊन रुग्ण उपकेंद्रावर गेला की महिन्याने समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने त्याखाली दुसरी नोंद करावी, कारण आज जमलेलं महिन्याने विसरतं.

एका माणसामागे यात दहा मिनिटं जातील, हे खरं. ती दहा मिनिटं अपुऱ्या मनुष्यबळातून काढायची आहेत, म्हणून रिक्त जागा भरण्याचा मुद्दाही इथे येतोच. चाळीस खाटांमागे एक सिस्टर असेल तर रकाना भरला जाईल, तपासणी होणार नाही. सुरुवात म्हणून छातीच्या विकारांचे वॉर्ड असलेली मोजकी जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं निवडावीत. जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिसेविका एका बैठकीत हे ठरवू शकतात. वर्षअखेर हे रकाने एकत्र केले, तर कोणत्या यंत्रावर कोणत्या वयाचे किती रुग्ण अडखळले आणि सिस्टरनी त्यांच्यासाठी काय सुचवलं, हे पुढची निविदा काढणाऱ्यांसमोर आकड्यांत मांडता येईल.